एक कुटुंब, दोन चुली
स्थलांतरित आणि स्थानिक कुटुंबांच्या खर्चाचा तुलनात्मक विचार

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात सुमारे ४५ कोटी लोक आपले पूर्वीचे वास्तव्य सोडून अन्यत्र राहत होते. एकूण लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण ३७ टक्क्यांहून अधिक होते. विवाहानंतर सासरी गेलेल्या स्त्रियांचा यातील वाटा फार मोठा आहे, हे खरे. तथापि रोजगारासाठी गाव सोडणाऱ्यांची संख्याही थोडीथोडकी नाही. अशा लोकांच्या संसारखर्चाविषयी दोन परस्परविरुद्ध तक्रारी नेहमी कानी येतात. ज्या शहरात ते कामाला जातात तेथील रहिवासी म्हणतात, "हे येथे मिळवतात आणि सारे गावी पाठवतात." गावाकडची मंडळी म्हणतात, "पोरगा शहरात गेला, पण त्याच्या हाती पैसा राहत नाही." एकाच माणसावर कृपणतेचा आणि उधळपट्टीचा असे दोन्ही आरोप व्हावेत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हे आरोप केवळ बोलण्यापुरते राहत नाहीत. शिधावाटप, शाळा, घरकुले, पाणीपुरवठा यांविषयी निर्णय घेताना अशा समजुती नकळत आपल्या मनात काम करीत असतात. म्हणून स्थलांतरिताचा खर्च स्थानिकापेक्षा वेगळा का दिसतो आणि तो खरोखरच किती वेगळा असतो, याचा थोडा पद्धतशीर विचार येथे करावयाचा आहे.

खर्चाचे शास्त्र

कौटुंबिक जमाखर्चाच्या अभ्यासाला दीडशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. जर्मनीतील सॅक्सनी राज्याच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा, असा तो नियम होय. आजही तो बहुतांशी खरा ठरतो. भारत सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोगखर्च पाहणीत ग्रामीण भागातील दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये, तर नागरी भागातील ६,९९६ रुपये आढळला. त्यात अन्नपदार्थांचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के आणि नागरी भागात सुमारे ४० टक्के होता.

परंतु स्थलांतरिताच्या बाबतीत हा नियम एकटा पुरत नाही. त्याच्या खर्चावर उत्पन्नाइतकाच आणखी एका गोष्टीचा परिणाम होतो. ती म्हणजे त्याचे कुटुंब कोठे आहे ही गोष्ट. आपल्या राज्याच्या इतिहासात याचे उत्तम उदाहरण आहे.

मुंबईतील एक जुनी पाहणी

१९२१ च्या जनगणनेत मुंबई शहराच्या लोकसंख्येपैकी केवळ १६ टक्के लोक शहरात जन्मलेले आढळले. बाकीचे सर्व बाहेरून आलेले होते आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांची संख्या फार मोठी होती. शहरात दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे स्त्रिया होत्या. याचा अर्थ असा की, गिरणीत, गोदीत आणि रेल्वेत राबणाऱ्या असंख्य पुरुषांची कुटुंबे गावी होती.

याच सुमारास, १९२१-२२ मध्ये, मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने जी. फिंडले शिरास यांच्या मार्गदर्शनाखाली कामगारांच्या जमाखर्चाची विस्तृत पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या पाहणीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात कुटुंबासह राहणारे कामगार आणि एकटे राहणारे कामगार यांचे जमाखर्च वेगवेगळे तपासण्यात आले. कुटुंबासह राहणाऱ्यांच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ५७ टक्के होता. घरभाड्यावर आठ टक्क्यांच्या आसपास खर्च होत असे. पण त्या भाड्यात बहुतेकांना एकच खोली मिळत असे. एकटे राहणारे कामगार मात्र आपल्या मिळकतीचा सुमारे चौथा हिस्सा गावी पाठवीत असत. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती आणि रुपयाला दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के, असा व्याजाचा दर सर्रास होता.

एकाच गिरणीत, एकाच साच्यावर काम करणाऱ्या दोन माणसांच्या खर्चात एवढा फरक का पडावा? एक काटकसरी आणि दुसरा उधळा होता म्हणून नव्हे. एकाची चूल त्याच्या खोलीत पेटत होती, तर दुसऱ्याची खेडमध्ये किंवा मालवणात.

एकट्या माणसाने खर्च कमी करण्याचे मार्गही शोधले होते. गावकीच्या खोलीत अनेकांनी मिळून राहावे, पाळीपाळीने झोपावे, ट्रंक आणि वळकटी एवढाच संसार ठेवावा आणि खानावळीत जेवावे, अशी ती व्यवस्था होती. या खानावळी बहुधा कामगार वस्तीतील स्त्रियाच चालवीत. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळत. तोवर वाण्याची उधारी त्यांच्या डोक्यावर असे. खानावळवाल्या स्त्रियांची ही अडचण ओळखून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे मोठे कार्य केले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा त्याची झळ गिरणगावातील खोलीला, खानावळीला आणि कोकणातील घराला एकाच वेळी पोचली. कारण हे तिन्ही जमाखर्च एकाच पगारावर उभे होते.

त्याच वस्तूसाठी अधिक दाम

आज गिरण्यांची जागा बांधकामे, कारखाने, गोदामे, हॉटेले आणि घरपोच सेवा यांनी घेतली आहे. कोकणाबरोबरच मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, कर्नाटक येथून लोक येतात. १८८० पासून टपाल खात्यामार्फत चालत आलेल्या मनिऑर्डरीचे काम आता बँकेचे खाते आणि मोबाइल करतात. पण खर्चाची मूळ रचना फारशी बदललेली नाही. स्थानिक आणि स्थलांतरित यांच्या खर्चातील फरक प्रामुख्याने पुढील कारणांनी पडतो.

पहिले कारण निवाऱ्याचे. स्थानिक कुटुंबाचे बहुधा स्वतःचे किंवा वडिलोपार्जित घर असते, अथवा जुन्या भाड्याची खोली असते. नव्याने आलेल्यास आजच्या बाजारभावाने भाडे द्यावे लागते, शिवाय अनामत रक्कम द्यावी लागते. विजेचे मीटर घरमालकाच्या नावे असल्यास मालक सांगेल त्या दराने वीज घ्यावी लागते.

दुसरे कारण शिध्याचे. शिधापत्रिका गावी राहिली, तर शहरात धान्य खुल्या बाजारातून घ्यावे लागते. ज्या धान्यासाठी शेजारच्या स्थानिक कुटुंबाला काहीच द्यावे लागत नाही, त्यासाठी स्थलांतरिताला पूर्ण किंमत मोजावी लागते.

तिसरे कारण किरकोळ खरेदीचे. साठवणुकीस जागा नाही आणि एकरकमी पैसा नाही, म्हणून तेल पावशेर, तांदूळ दोन किलो, साबणाची लहान वडी अशी खरेदी होते. वर्षाचे धान्य एकदम भरणाऱ्या कुटुंबापेक्षा हा माणूस दर किलोमागे अधिक पैसे देतो. इंधनाचेही तसेच. गॅसची नियमित जोडणी नसल्यास किरकोळ भावाने इंधन भरून घ्यावे लागते आणि त्यात पैसा आणि सुरक्षितता दोन्ही जातात.

चौथे कारण ये-जा करण्याचे. सणाला, लग्नकार्याला, आजारपणाला आणि शेतीच्या कामाला गावी जावे लागते. स्थानिकाच्या जमाखर्चात हे कलम जवळजवळ नसतेच.

पाचवे कारण ऋणाचे. ऊसतोडणीसाठी बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून जाणाऱ्या कुटुंबांचे उदाहरण घेता येईल. पतिपत्नी मिळून एक कोयता धरला जातो आणि हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते. ती लग्न, औषधपाणी, जुने देणे यांत आधीच संपलेली असते. त्यानंतर सारा हंगामभर आठवड्याच्या खर्चीवर पोट भरावयाचे आणि श्रमाने उचल फेडावयाची. अशा कुटुंबाचा फडावरील खर्च अत्यल्प दिसतो, कारण त्याच्या मिळकतीचा मोठा भाग मिळण्यापूर्वीच खर्च झालेला असतो.

या पाच कारणांवरून असे दिसते की, स्थलांतरित कमी खर्च करतो हे अर्धेच सत्य आहे. तो कमी वस्तू घेतो, पण पुष्कळदा त्याच वस्तूसाठी अधिक दाम देतो.

जिभेची सवय

आतापर्यंत सांगितलेली कारणे परिस्थितीची आहेत. मग सवयीचा भाग काहीच नाही काय? आहे; आणि तो मुख्यतः अन्नात दिसतो. डेव्हिड ॲटकिन या अर्थशास्त्रज्ञाने भारतातील राष्ट्रीय नमुना पाहणीची १९८३ आणि १९८७-८८ ची आकडेवारी तपासून २०१६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. परराज्यांतून आलेली कुटुंबे आपल्या मूळ प्रदेशातील अन्नच पसंत करतात आणि ते नव्या ठिकाणी महाग असल्यामुळे अन्नावर खर्च केलेल्या दर रुपयामागे त्यांना शेजाऱ्यांपेक्षा कमी उष्मांक मिळतात, असे त्यांना आढळले. हा तोटा सरासरीने दीड टक्क्याच्या आसपास होता. परंतु पती व पत्नी दोघेही बाहेरून आलेले असून त्यांचे आवडते धान्य नव्या ठिकाणी विशेष महाग असेल, तर तो सात टक्क्यांपर्यंत जात असे. विशेष म्हणजे, ज्या कुटुंबांना पुरेसे अन्न मिळण्याची भ्रांत होती, तीही या सवयीला अपवाद नव्हती.

आपल्या अनुभवाशी हे जुळते. सोलापूरकडचे कुटुंब दिल्लीत गेले, तर ज्वारीच्या भाकरीसाठी शोधाशोध करते. मुंबईत आलेल्या बिहारी कुटुंबाला मोहरीचे तेल हवे असते. त्याला हट्ट म्हणणे योग्य होणार नाही. परमुलखात दिवसभर राबून आल्यावर ताटात घरचे अन्न असावे, ही इच्छा सर्वांचीच असते. पोषणाविषयी सल्ला देणाऱ्या अंगणवाडी सेविकेने आणि आरोग्य कर्मचाऱ्याने मात्र ही गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. स्थानिक, स्वस्त आणि सकस पदार्थ त्या कुटुंबाच्या चवीत कसा बसवता येईल हे सांगितले, तरच त्या सल्ल्याचा उपयोग होतो.

मोजमापातील चूक

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. स्थलांतरित व स्थानिक यांची तुलना करताना मोजमापातच चूक होण्याचा संभव असतो. आपल्या पाहण्यांत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, अशी सर्वसाधारण व्याख्या असते. उपभोगखर्चात नातेवाइकांना पाठविलेली रोख रक्कम आणि कर्जफेड धरली जात नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे मानीव भाडेही मासिक दरडोई खर्चात धरले जात नाही. भाडेकरूने दिलेले भाडे मात्र धरले जाते. हे नियम आपापल्या जागी योग्यच आहेत. पण ते ध्यानात न ठेवता निष्कर्ष काढल्यास काय होते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

समजा, दोन कामगारांची मासिक मिळकत प्रत्येकी २४,००० रुपये आहे. पहिला स्थानिक असून पत्नी आणि दोन मुलांसह स्वतःच्या घरात राहतो. त्याचा खर्च २२,००० रुपये होतो. दुसरा एकटा शहरात आला आहे. त्याची पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई गावी आहेत. तो शहरात १०,००० रुपये खर्च करतो, १२,००० रुपये गावी पाठवतो आणि २,००० रुपये कर्जाच्या हप्त्यात भरतो.

मिळकतीशी खर्चाचे प्रमाण पाहिले, तर दुसरा माणूस शहरात आपल्या मिळकतीच्या केवळ ४२ टक्के खर्च करतो. म्हणून तो कृपण ठरतो. दरडोई खर्च पाहिला, तर पहिल्याच्या घरी तो ५,५०० रुपये आणि दुसऱ्याचा १०,००० रुपये होतो. म्हणून दुसरा सुखवस्तू ठरतो. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. त्याच्या दोन्ही चुली एकत्र धरल्या, तर पाच माणसांत २२,००० रुपये, म्हणजे दरडोई ४,४०० रुपये, खर्च होतात. शिवाय त्यातून शहरातील भाडे वजा जाते. म्हणजे मिळकत सारखी असूनही दुसरे कुटुंब पहिल्यापेक्षा गरिबीत राहते.

आरंभी सांगितलेल्या दोन तक्रारींचे उत्तर या हिशेबात आहे. शहराला त्याच्या खर्चाचा एक तुकडा दिसतो, गावाला दुसरा. संपूर्ण जमाखर्च फक्त त्या माणसाच्या मनात असतो.

पाठविलेल्या पैशाचे काय होते?

गावी आलेला पैसा चैनीत जातो, असाही एक समज आहे. २००७-०८ मधील राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत याची विचारणा झाली होती. बाहेरगावाहून पैसे येणाऱ्या ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे ९५ टक्के कुटुंबांनी ते संसाराच्या दैनंदिन खर्चासाठी वापरल्याचे आढळले. अन्नधान्य, औषधपाणी, मुलांचे शिक्षण हीच त्यातील प्रमुख कलमे होती. त्याखालोखाल कर्जफेडीचा क्रम लागत होता.

दोन चुलींचा हा संसार अजूनही अनेक ठिकाणी चालू आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. मात्र काळाच्या ओघात पुष्कळ स्थलांतरित कुटुंबाला आणतात. तेव्हा खानावळ सुटते, भांडीकुंडी येतात, मुलांची नावे शाळेत दाखल होतात आणि गावी जाणारी रक्कम कमी होत जाते. पुढच्या पिढीचा जमाखर्च शेजाऱ्यापेक्षा वेगळा ओळखूही येत नाही. १९२१ मध्ये मुंबईत जे ८४ टक्के लोक बाहेरचे होते, त्यांच्यापैकी अनेकांचे नातू-पणतू आज मुंबईचे स्थानिक म्हणूनच ओळखले जातात.

आपण काय करू शकतो?

२०२० च्या टाळेबंदीने या प्रश्नाची तीव्रता सर्वांच्या लक्षात आणून दिली. मिळकत थांबताच शहरात भाडे आणि धान्य यांचा प्रश्न उभा राहिला आणि गावाकडे येणारा पैसाही त्याच दिवशी थांबला. शिधापत्रिका गावी असलेल्यांचे हाल अधिक झाले. त्या वर्षी शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी दोन महिने दरडोई पाच किलो मोफत धान्याची तरतूद करण्यात आली. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना 'एक देश, एक शिधापत्रिका' योजना अमलात आणण्याचा आदेश दिला. या योजनेच्या बाबतीत महाराष्ट्र आणि गुजरात ही ऑगस्ट २०१९ मध्ये आरंभ करणाऱ्या राज्यांपैकी होत. जून २०२२ पर्यंत ती देशभर लागू झाली. आपल्या वाट्याच्या धान्यापैकी काही शहरात उचलावे आणि उरलेले गावाकडच्या कुटुंबाने घ्यावे, अशी सोय तिच्यात आहे. दोन चुलींचा संसार ओळखणारी ही व्यवस्था होय.

तथापि सोय आहे हे माहीत नसेल, तर ती नसल्यासारखीच. या दृष्टीने ग्रामपंचायतीस पुष्कळ करता येईल. गावातून कोण, कोठे, किती महिन्यांसाठी जातो याची नोंदवही ठेवावी. जाण्यापूर्वी शिधापत्रिकेवरील सर्वांची आधार जोडणी पूर्ण आहे काय, बँकेचे खाते चालू आहे काय, हे पाहावे. पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर पाच किलोचे गॅस सिलिंडर मिळते, ही माहिती द्यावी. ज्या गावात कामगार येतात, तेथील पंचायतीने रास्त भाव दुकानात त्यांना परत पाठविले जात नाही ना, याची चौकशी करावी.

शिक्षकांचे कार्य याहून नाजूक आहे. मुले पालकांबरोबर फडावर गेली, तर शिक्षण तुटते. गावी राहिली, तर त्यांच्यासाठी वेगळा खर्च येतो. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक यांचा उपयोग येथेच होतो. शिवाय वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून एक छोटा अभ्यास करून घेता येईल. प्रत्येकाने आपल्या किंवा शेजारच्या एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च नाव न लिहिता नोंदवावा. अन्न, निवारा, इंधन, प्रवास, औषध, शिक्षण, कर्जफेड आणि गावी पाठविलेली वा गावाहून आलेली रक्कम अशी कलमे करावीत. मग मिळकत, माणसांची संख्या आणि वयोमान सारखे असलेल्या स्थानिक व स्थलांतरित कुटुंबांचीच परस्परांशी तुलना करावी. अशा अभ्यासातून विद्यार्थ्यांना टक्केवारी तर येईलच, पण शेजाऱ्याविषयी घाईने मत बनवू नये हेही उमजेल.

अधिकाऱ्यांनी पाहणीच्या तक्त्यांत शक्य तेथे आणखी एक प्रश्न घालावा : "आपल्या मिळकतीवर जेवणारी माणसे अन्यत्र किती आहेत?" या एका प्रश्नाच्या उत्तराने पुष्कळ कुटुंबांचे खरे चित्र समोर येईल आणि मदत योग्य घरी पोचेल.

परगावी जाऊन राबणारा माणूस दोन गावांच्या अर्थव्यवस्थेस हातभार लावीत असतो. ज्या गावी तो कष्ट करतो तेथे त्याचे श्रम जातात, आणि ज्या गावी त्याचे घर आहे तेथे त्याची मिळकत. त्याच्या खर्चाचा हिशेब मांडताना दोन्ही गावांनी आपापली बाजू त्यात लिहिली पाहिजे.